बजाबाईंच्या खड्यांचं वाळवण

सकाळचे सात. मंगल कार्यालयात तीनशे माणसं मांडी घालून बसलेली आणि प्रत्येकासमोर स्टीलचा डबा. नवख्याला वाटावं, पंगत आहे. डब्यांत काय आहे हे कळल्यावर मी नाकाला रुमाल लावला, तो शेवटपर्यंत काढला नाही.

डब्यांत खडे होते. हिरवे, गुळगुळीत, वाटाण्याएवढे. त्या पहाटे जुलाबातून पडलेले आणि भाविकांनी श्रद्धेनं निवडलेले.

"चरबी म्हणजे पाप!" व्यासपीठावरून खडेमहाराज गरजले. त्यांचं पोट त्यांच्यापुढे वीतभर बसलं होतं. "अंगात कणभर चरबी नको! आपलं दिव्य तेल पित्ताशयात शिरतं आणि पापाचे खडे बाहेर काढतं. माउली, किती पडले?"

"येक्केचाळीस!" माझ्या शेजारच्या बजाबाई डबा उंचावून ओरडल्या. टाळ्या पडल्या, हार आला. "आता पुढल्या सोमवारचं आपरेशन न्हाय करायचं मी!"

त्यांची सून वैजयंती उठली. ती हायस्कुलात विज्ञान शिकवते. "महाराज, आत्यांच्या सोनोग्राफीत एकच खडा आहे. सुपारीएवढा. हे एक्केचाळीस कुठून आले?"

"पोरी, ती त्या खड्याची पिल्लं!"

सभा हसली. वैजयंती हसली नाही. खडा पित्ताच्या नळीत अडकला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. बजाबाई महिन्यात दोनदा पोट धरून गडाबडा लोळल्या होत्या.

घरी आल्यावर बजाबाईंनी आनंदानं चहा दिला. अर्धा कप पोटात गेल्यावर मी सहज विचारलं, "वहिनी, खडे धरले कशात?"

"गाळणीत की. धुतली हाय भाऊजी, दोनदा."

उरलेला अर्धा कप मी तुळशीला घातला नाही. तिचा काय गुन्हा?

बजाबाईंची नातेपुते गावची बहीण येणार होती. तिला खडे दाखवायचे, म्हणजे ते टिकवायला हवेत. मे महिन्यात सोलापुरात जे टिकवायचं ते गच्चीवर वाळत जातं. बजाबाईंनी कुरडया आणि सांडग्यांच्या मध्ये ताट मांडलं, वर कावळ्यांसाठी जाळीही घातली. दुपारी बाराला किंकाळी आली.

ताटात एकही खडा नव्हता. हिरवट तेलाचं थारोळं होतं, त्यात मुंग्या पोहत होत्या, आणि वास असा की कुरडया फेकाव्या लागल्या.

"दिष्ट लागली गं!"

"दृष्ट नाही आत्या, त्रेचाळीस डिग्री ऊन लागलं," वैजयंती म्हणाली. "तुम्ही काल पेलाभर करडईचं तेल प्यालात, वर लिंबू, वर महाराजांचं 'सैंधव'. ते साधं जुलाबाचं मीठ. तेलाचा कण म्हणजे एक आखूड दांडा आणि त्याला लोंबणाऱ्या तीन लांब शेपट्या. आतड्यातला रस शेपट्या तोडतो. त्या मिठातल्या मॅग्नेशियमला चिकटल्या की होतो साबण. पित्तानं हिरवा होतो, गोळ्या बनतो, बाहेर पडतो. उन्हात वितळतो."

"म्हंजे म्या साबन हागले? गप बस. म्हाराज खोटं बोलंल व्हय!"

शब्दांनी भागणार नाही, हे मी ओळखलं. शनिवारी महाराजांचं तेल, लिंबू आणि 'सैंधव' मी स्वतः प्यालो. रात्रीचं वर्णन करत नाही. हे तुम्ही जेवणाच्या आसपास वाचत असाल. गाळणी माझ्या घरची होती आणि ती नंतर कचऱ्यात गेली.

रविवारी मी डबा घेऊन व्यासपीठावर गेलो. बजाबाई पहिल्या रांगेत होत्या.

"अठ्ठावीस, महाराज."

"वा! पित्ताशय निर्मळ झालं तुमचं! आता आरशासारखं लखलखतंय, मला दिसतंय!"

मी सदरा वर केला. उजव्या बरगडीखाली वीतभर व्रण आहे. "महाराज, माझं पित्ताशय पंधरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काढून टाकलंय. आपल्याला लखलखताना कुणाचं दिसलं?"

महाराजांनी डोळे मिटले. समाधी लागली म्हणे.

वैजयंती मागून मोठ्यानं म्हणाली, "आणि अंगात कणभर चरबी नको म्हणता? शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण स्निग्ध कणांच्या दोन थरांचं असतं. मेंदू वाळवला तर निम्म्याहून जास्त चरबीच उरेल. ती काढली तर बोलाल कशानं?"

बजाबाई उठल्या. गळ्यातला वाळका हार काढून त्यांनी व्यासपीठावर ठेवला. "भाऊजींच्या पोटात पिसवीच न्हाय, तरी अठ्ठावीस पडले. मग माजा खडा आजून आतच हाय की वं!" चेहरा पांढराफटक पडला होता. "वैजू, चल. उद्या सोमवार हाय."

सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाटलीत घालून दिलेला खडा एकच होता, सुपारीएवढा, पिवळट. बजाबाई हिंडूफिरू लागल्या तसा त्यांनी तो ताटात घालून गच्चीवर ठेवला. तीन दिवस. ढिम्म हलला नाही. "कोलेस्टेरॉल आहे," वैजयंती म्हणाली, "तेही स्निग्धच कुळातलं, पण चार कड्यांनी घट्ट बांधलेलं. उन्हाला दाद देत नाही."

वाचकहो, तेल कढईत घाला, दिव्यात घाला. पोट दुखलं तर डॉक्टरकडे जा. आणि कुणी चमत्कार हातावर ठेवला तर पाया पडण्याआधी तो तपासून बघा. तपासल्यानं खऱ्याचं काही बिघडत नाही.

परवा शेजारची बाई बजाबाईंकडे नव्या बाबाचा अंगारा घेऊन आली. बजाबाईंनी तो हुंगला आणि गच्चीकडे बोट दाखवलं.

"आदी चार दिस उनात ठिव. मग बोलू."