मडगार्डवरची जागा

ट्रॅक्टरला लाईट बसवायला किती वेळ लागावा, तुम्हीच सांगा. मला त्यातलं काही कळत नाही, पण चहा किती वेळा टाकावा लागला ते तर कळतं ना! ती लाईटवाली आली रे आली की आमचे हे अंगणात हजर. ती बॉनेटखाली डोकं घालणार, हे शेजारी उभे. तिनं हात पुढे केला की ह्यांनी त्यात पक्कड ठेवायची. एरवी घरात पाण्याचा पेलासुद्धा ह्यांना हातात नेऊन द्यावा लागतो.

लाईटवाली म्हणजे बाजारात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे तिथली. आधी तिचा बाप काम करायचा, आता ती करते. उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कानामागे टेस्टर खोचलेला. दिसायला काही फार नाही. हे मी जळून बोलत नाहीये, आहे ते सांगतेय. बरं बाई, जळूनच बोलतेय. पार कोळसा झाला होता माझा, आणि त्याला कारणही तसंच होतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात सासूबाई, दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची पोरगी. ह्या घरात नवराबायकोनं कुजबुजायचं म्हटलं तरी पलीकडून सासूबाई विचारणार, "काय गं, काय झालं?" दिवसा ट्रॅक्टर दीर घेऊन जातात, लोकांच्या शेतात भाड्यानं. आमच्या स्वतःच्या शेताची पाळी येते रात्री, आणि ती ह्यांच्या वाट्याला. ट्रॅक्टर जुना. पुढचे दिवे पिवळे, मरतुकडे. मागे तर दिवाच नाही. मग माती भुसभुशीत करणाऱ्या मागच्या रोटाव्हेटरच्या पात्यांत मुळ्या अडकल्या का, मध्येच जमिनीचा पट्टा सुटला का, हे बघायला कुणालातरी डाव्या मडगार्डवर बसून मागे टॉर्च धरावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे मी. लग्न झालं त्या वर्षापासून.

जावेनं एकदा हौसेनं बसून बघितलं. उतरल्यावर तिला उलट्या झाल्या. मला मात्र ते मडगार्ड म्हणजे सुख होतं हो! पोत्याची चौपदरी घडी करून बसायचं, टॉर्च मागे, तोंड ह्यांच्या कानाशी, आणि बोलायचं. जाऊ काय टोचून बोलली, पोरीच्या बाई शाळेत काय म्हणाल्या, माझ्या मनाला काय खुपतंय, सगळं. बायकांना नवऱ्याशी बोलायला सबंध घर असतं, मला एक मडगार्ड होतं. हे डोक्याला, कानांवरून टॉवेल गुंडाळून समोर बघत असायचे आणि मान हलवायचे. मध्येच "हं" म्हणायचे. मुळातच अबोल माणूस. मला तेवढं पुरायचं.

आणि ही बया ट्रॅक्टर बघायला पहिल्यांदा आली त्या संध्याकाळी हा अबोल माणूस अंगणात घडाघडा बोलत होता. जुनं स्विच एवढा भार घेईल का, वायर जाड टाकायची का, रिले कुठे बसवायचा. ती काहीतरी म्हणाली आणि हे खो खो हसले. माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्यावर हे एकदा तरी असे हसलेत का?

त्याच रात्री मी मडगार्डवर बसून सरळ विचारलं. "ती लाईटवाली आवडते का हो तुम्हाला?"

ह्यांनी मान हलवली.

"माझ्यापेक्षा बरी आहे?"

पुन्हा मान हलवली. वर माझ्याकडे बघून गोड हसले! टॉर्च हातातून निसटून रोटाव्हेटरमध्ये जायचाच बाकी होता.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कबूल करतोय तो करतोय, वर हसतोय! भांडी आदळून झाली, पोरीला विनाकारण ओरडून झालं. लाईटवालीच्या चहात मी मुद्दाम साखर घातली नाही. तिनं तो फुर्र फुर्र करत संपवला आणि म्हणाली, "वा वहिनी, मला असाच लागतो. तुम्हाला कसं कळलं?" जाऊ दारात तोंडाला पदर लावून हसत होती. आता अशा बाईचं काय करायचं?

मग एके दिवशी दुपारी ड्रिलचा आवाज आला म्हणून बाहेर आले. बघते तर लाईटवाली डाव्या मडगार्डला भोकं पाडत होती. बरोबर माझ्या जागेवर. माझं पोतं खाली फेकलेलं, आणि त्यावर मांजर अंग पसरून झोपलेलं.

"अहो, तिथे काय करताय?"

"मागचा लाईट, वहिनी. ब्रॅकेट बसवतेय."

"वर टपाला बसवा की! एवढा मोठा टप आहे डोक्यावर."

"वरून उजेड पाडला की धूळ चमकते. सगळी पांढरी भिंत उभी राहते डोळ्यांपुढे. बाजूनं, खालून पाडला तर रोटाव्हेटर लख्ख दिसतो." ती पुन्हा ड्रिल लावणार, तेवढ्यात म्हणाली, "आणि दादांनीच जागा दाखवली. म्हणाले, इथेच लावा, म्हणजे इथे कुणी बसायला नको."

कुणी बसायला नको! ऐकलंत? मी कुणी झाले. मी पोतं उचललं, मांजराला हाकललं आणि आत जाऊन कणीक अशी तिंबली की सासूबाई म्हणाल्या, "अगं, परात फुटेल."

दिवस मावळताना लाईट लावून बघायचं ठरलं. सगळं घर अंगणात. ह्यांनी टॉवेल गुंडाळला, सीटवर चढले, इंजिन चालू केलं. लाईटवालीनं बॉनेटजवळून हात वर केला आणि ह्यांनी बटण दाबलं. गोठ्याची भिंत दिवसासारखी झाली. मागच्या लाईटनं रोटाव्हेटरचं पातं न् पातं मोजता येत होतं. पोरं उड्या मारायला लागली, दीर म्हणाले, "वा! आता टॉर्चचं झेंगट गेलं."

झेंगट! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. लोक बघताहेत, सासूबाई बघताहेत, कशाचं भान राहिलं नाही. मी थेट ट्रॅक्टरच्या पायरीजवळ गेले.

"मला विचारलंत का? माझी जागा होती ती! आता तिलाच न्या शेतात, मला कशाला ठेवलंय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हसले. मान हलवली.

"मान काय हलवताय? मी जाते माहेरी! कायमची जाते!"

"हं हं," हे म्हणाले आणि अंगठा वर केला.

तेवढ्यात लाईटवाली पुढे आली, तिनं पायरीवरून आत हात घातला आणि इंजिन बंद करायचा दांडा ओढला. धडधड थांबली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "वहिनी, भिंतीशी भांडताय तुम्ही. कापूस आहे ना त्यांच्या कानात."

"कसला कापूस?"

ह्यांनी टॉवेल सोडला, एका कानातून कापसाचा बोळा काढला, मग दुसऱ्या कानातून. "काय म्हणत होतीस गं?"

"मला पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी," लाईटवाली हत्यारं पिशवीत भरत म्हणाली, "इंजिन चालू असताना माझ्याशी बोलू नका, मी नुसती मान हलवतो. फार आवाज आहे हो ह्याचा."

पहिल्याच दिवशी! जे मला इतक्या वर्षांत ठाऊक नाही ते हिला पहिल्याच दिवशी. जाऊ आता उघडउघड हसत होती. मी तरातरा आत निघून गेले.

लाईटवाली गेली. जेवणं झाली आणि हे शेताकडे निघाले. मी न बोलावता उजव्या मडगार्डवर जाऊन बसले. तिकडे पोतं नाही, पत्रा टोचत होता. शेतात पोचलो, ह्यांनी रोटाव्हेटर खाली घ्यायला हात लावला, तसा मीच दांडा ओढला. इंजिन गप्प झालं. लाईट तेवढे चालू राहिले.

"कापूस काढा."

काढला.

"कधीपासून घालताय?"

"पहिल्यापासून. सायलेन्सर तू यायच्या आधीपासूनच गेलेला आहे."

"मग मी बोलायचे ते?"

"तू गाणी म्हणायचीस ना?" हे म्हणाले. "मला वाटायचं, झोप येऊ नये म्हणून म्हणतेस. तोंड हलताना दिसायचं. बरं वाटायचं, सोबत आहे म्हणून. मग मीही आपली मान हलवायचो."

गाणी! मला हसूच फुटलं. म्हणजे लाईटवालीचं काही ऐकलंच नव्हतं ह्यांनी. मी सांगून टाकलं, काय विचारलं होतं आणि ह्यांनी कशी मान हलवली होती. हे कपाळावर हात मारून हसायला लागले. "अगं वेडाबाई! कुठून काढतेस एकेक? आणि जागेचं म्हणशील तर तू पेंगतेस तिथे. एका हातानं स्टीअरिंग धरायचं आणि एका हातानं तुझा दंड. मागे पाती फिरताहेत. माझा जीव टांगणीला लागायचा."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी हसतेय, हे हसताहेत, सगळीकडे पांढराशुभ्र उजेड. आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं. लाईटवालीचं ऐकलं नव्हतं, म्हणजे कुठलंच ऐकलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "मागच्या पेरणीच्या आधी, ह्याच शेतात, मी तुम्हाला एक सांगितलं होतं."

"काय?"

"मला दिवस गेले होते. दुसऱ्यांदा. अजून कुणाला सांगायचं होतं, तोवर पोट पडलं. घरात कळू दिलं नाही मी. फक्त तुम्हाला सांगितलं."

ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"तुम्ही मान हलवलीत," मी म्हटलं, "आणि बांधाशी ट्रॅक्टर वळवलात. मला वाटलं, तुम्हाला बोलवत नाहीये. म्हणून मी परत कधी काढलं नाही."

हे सीटवरून खाली उतरले. कुठे जायचं ते न कळल्यासारखे लाईटच्या उजेडात नुसतेच उभे राहिले. मग वळून म्हणाले, "आणि त्या रात्री तू टॉर्च धरून बसली होतीस?"

"बसले होते."

"सगळं शेत होईपर्यंत?"

"हो."

हे तिथेच ढेकळात बसले. पोरगी झाली तेव्हासुद्धा डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस, टॉवेलात तोंड घालून रडायला लागला. मी खाली उतरले आणि शेजारी बसले. मग तोंड पुसून म्हणाले, "अजून काय काय सांगितलं होतंस?" मी सांगायला लागले. हे मध्ये मध्ये थांबवत होते, विचारत होते, कधी, कुठे, मग तू काय केलंस.

सकाळी दीर ट्रॅक्टर न्यायला शेतात आले आणि शेत बघून बुचकळ्यात पडले. एवढे लाईट लावून एक फेरीसुद्धा झाली नव्हती. "काय रे दादा, लाईट चालत नाहीत का?"

ह्यांचे डोळे सुजले होते. मीच पुढे होऊन सांगितलं.

"लाईट चांगले आहेत, भावजी. इंजिन बंद होतं."