तीन मिलिमीटर

पाऊस मोजायचं काम माझ्याकडे होतं. कचेरीमागे तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला त्याच्या बाटलीतलं पाणी मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा. त्या वर्षी मोजायला काही नसायचंच. तरी मी जायचे, कोरडी बाटली उलटी करून बघायचे आणि शून्य मांडायचे.

"काय हो बाई," हेडक्लार्क वही चाळत म्हणाले, "शून्यांची माळच ओवलीत. जाऊन बघता की घरी बसून लिहिता?"

सगळे हसले. मला ते फार लागलं.

विसाव्या कोरड्या दिवशी मात्र मी खरंच गेले नाही. वहिनीला पहाटे कळा सुरू झाल्या आणि दादाने बोलावून घेतलं. मुलगी झाली. दुपारी कचेरीत येऊन वही उघडली, पण न बघता शून्य लिहायला हात धजेना. कुणीही म्हणेल, बाई गेलीच नाही. सकाळी आभाळ आलं होतं. मी तीन मिलिमीटर लिहिलं.

सलग एकवीस दिवस कोरडे गेले की चारा आणि टँकर सुरू, हा नियम मला ठाऊक होता. दिवस मात्र मी मोजले नव्हते. माझ्या त्या आकड्याने मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

आठवड्याने शेतकरी कचेरीत आले. दादाही होता.

"पाऊस पडला कुठे? साहेबांच्या टेबलावर?" एकाने विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मोजला तेवढाच लिहिलाय," मी म्हणाले.

दादा खाली बघत राहिला.

चारा तीन आठवडे उशिरा आला. तोवर दादाच्या दोन गायी मेल्या होत्या. तिसरी, तांबडी, त्याने मिळेल त्या भावाला विकली. तान्ह्या पोरीच्या घरात दूध विकत येऊ लागलं.

त्याला चाळीस वर्षं झाली. परवा दादाकडे गेले होते. त्याला आता नीट दिसत नाही. मी चहा त्याच्या हातात दिला आणि एकदाचं बोलून टाकलं, "दादा, त्या दिवशी मी पाऊस मोजलाच नव्हता."

"माहीत आहे की. साडेआठला तू माझ्या चुलीपुढे पाणी तापवत होतीस."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती, वेडे."

त्याने चहा संपवला, कप चाचपडत खाली ठेवला.

"तांबडी तेवढी जायला नको होती," तो म्हणाला.

मी मान हलवली. त्याला ते दिसलं नसणार.