कठड्यावरचा पाय

या, जरा जवळ सरका. बर्फावर उगवलेल्या एका सुडाची गोष्ट ऐका.

टाउनोने हात आडवा धरला आणि कठड्यावरून उडी घ्यायला निघालेल्या सांतेरीला रोखलं.

"थांब."

"पण सर, इल्मरी दमलाय. मिनिट होऊन गेलं."

"त्याने स्टिक वर केली? बदली मागितली? नाही ना? मग थांब."

वीस वर्षांचा सांतेरी एक पाय कठड्यावर टाकून तसाच थांबला. आइस हॉकीचा त्याचा पहिलाच सामना. वर प्रेक्षकांत त्याचे वडील गिरणीतल्या पाळीचे कपडे न बदलता येऊन बसले होते.

बर्फावर पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं आणि बाकावर परतायचं, हा शिरस्ता. एक्केचाळीस वर्षांच्या इल्मरीला तर प्रशिक्षक टाउनो हंगामभर अर्ध्या मिनिटातच माघारी बोलवी. तुपासारखा जपून वापरला, म्हणून त्याचे गुडघे मार्चपर्यंत टिकले. सगळं किविसाल्मी गाव म्हणे, टाउनोला म्हाताऱ्याची किती माया!

माया कसली. तो त्याला आजच्या, त्याच्या शेवटच्या सामन्यासाठी राखून ठेवत होता. आणि दुसऱ्या सत्रासाठी. तेव्हा बाजू बदलतात, आपला गोल बाकापासून लांब पडतो आणि तिकडे अडकलेल्या बचावपटूला परतीची वाट सापडत नाही.

सतरा वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात इल्मरी कर्णधार होता, आणि बाकाच्या टोकाला, कठड्यावर पाय टाकून टाउनो बसला होता. इल्मरी बाकाजवळ यायचा, त्याच्याकडे बघायचा आणि बदली न देताच परत वळायचा. टाउनोच्या वाट्याला त्या दिवशी क्षणभरही बर्फ आला नाही. तीन तास बसने आलेली आई वेलदोड्याच्या पावांचा डबा मांडीवर घेऊन वर बसली होती. परतताना म्हणाली, "बसला होतास छान." पुढच्या हिवाळ्यात ती गेली. न्याय देवावर सोडावा म्हणतात. टाउनोला धीर नव्हता.

इकडे बर्फावर इल्मरीला दोन मिनिटं झाली. प्रतिस्पर्ध्यांपैकी एक जण ओरडला, "आजोबा, टेकायला काठी हवी का?"

इल्मरीने बाकाकडे पाहिलं. टाउनोने छातीवर हातांची घडी घातली. माग, त्याचे डोळे म्हणत होते. सगळ्या गावासमोर एकदा माग.

इल्मरीने स्टिक वर केली नाही. गुडघ्यांवर कोसळला, आणि सणसणत आलेली चकती बरगडीवर घेतली. उठला. पुन्हा पडला, पुन्हा अडवली. आता लोक उभे राहून त्याच्या नावाचा गजर करत होते. कीर्तनाला रंग चढावा तसा तो छतापर्यंत चढत गेला. तिसरं मिनिट सरता सरता सत्र संपल्याचा भोंगा वाजला, तेव्हा गोल शाबूत होता.

इल्मरी कठड्याशी आला. ओठ निळे, डोळे भरलेले.

"टाउनो," तो धापा टाकत म्हणाला, "शेवटच्या सामन्यात तू मला नुसतं बसवून ठेवशील, याची धास्ती होती रे. तू तर पोटभर दिलंस. आई बघत होती माझी."

टाउनोने घडी सोडली. हातांचं काय करावं, त्याला कळेना.

"तो अंतिम सामना आठवतो? सतरा वर्षांपूर्वीचा?"

"न आठवायला काय झालं? जिंकलो की आपण!"

"बाकाच्या टोकाला कोण बसलं होतं?"

इल्मरीने घाम पुसला. मनापासून आठवून पाहिलं.

"टोकाला? असेल कोणीतरी."

तो लंगडत आत गेला. लोक कॉफी आणि भाजलेल्या सॉसेजकडे पांगले. टाउनो रिकाम्या बर्फाकडे बघत राहिला. बाकाच्या टोकाला, त्याच्या पाठीमागे, सांतेरीचा पाय अजून कठड्यावरच होता; खाली घ्यावा की नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट एवढीच. इल्मरीला गाव विसरणार नाही, आणि टाउनो आपली आठवण आपणच जपतो. तुमच्याकडे एकच मागणं: त्या सांतेरीला तेवढं ध्यानात ठेवा.