कडक

अनुपच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, ते काही पत्ता हरवला म्हणून नव्हे. पत्र गंगाराम साळव्यांच्या उशाशी, मोटारीच्या एका जाडजूड पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं. ते रोज काढायचे, वाचायचे आणि पुन्हा पानांत सरकवायचे.

अनुप हा त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. काकांच्याच गावी, वरकुट्यात वाढलेला, आता पुण्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर. कुणा हौशी माणसाकडून त्यानं दोन सीटांची जुनी लाल स्पोर्ट्स कार विकत घेतली होती. पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'काका, गाडीची स्प्रिंगं आणि शॉकअप थकलेत. मुंबईत दोन सेट मिळतात. एक शर्यतीचा. त्यानं गाडी खाली बसते, वळणावर झुकत नाही. दुसरा उंची आहे तेवढीच ठेवतो, फक्त जरा दमदार. माझं मन पहिल्यावर आहे. तुम्ही म्हणाल तो घेईन.' खाली त्याच्या बायकोचं, तेजश्रीचं बारीक अक्षर होतं. 'काका, ह्यांना फक्त तुमचंच पटतं. नवा सेट बसवला की आम्ही घाट उतरून महाडला जाणार आहोत. तेव्हा नीट विचार करून कळवा.'

ही शेवटची ओळ गंगारामांच्या छातीवर बसली होती. बारामतीच्या तंत्रशाळेत त्यांनी उभी हयात मोटारविद्या शिकवली. स्प्रिंगचं गणित झोपेतही मांडलं असतं, पण ते फळ्यावर. गाडी त्यांनी कधी हाकली नव्हती. आपण पुस्तकातलं सांगायचं आणि घाटात त्या दोघांना काही झालं तर? दर खेपेला ते लिहायला घेत, 'शर्यतीचा सेट घेऊ नये, परंतु' आणि त्या परंतुपुढे पेन हलत नसे. कागद चुरगळून टोपलीत जाई.

शेवटी एका बुधवारी दारात हॉर्न वाजला. अनुप स्वतःच आला होता.

"काका, पत्राची वाट बघून डोळं शिणलं माझं! चला, बसा. मित्राचा शर्यतीचा सेट मागून आणलाय, इंदापुरात परवेज मेकॅनिककडनं बसवून घेतला. आज काढून परत द्यायचाय. तुमी एकदा बसून बघा, मग सांगा."

नाही म्हणायलाही धीर लागतो. गंगाराम बसले. सीट इतकी खाली की जमीन बुडाखालून पळत होती. गावातले खडे एकेक करून मणक्यात मोजले गेले. गाव मागं पडलं तसा अनुपनं पाय दाबला. गुळगुळीत पट्ट्यावर गाडी पट्टीनं आखल्यासारखी सरळ गेली, वळणावर तसूभर कलली नाही. हे त्यांना कबूल करावंच लागलं.

मग ठिगळांचा रस्ता लागला. दाराची मूठ आवळून गंगाराम कान देऊन बसले. टायरची एकसारखी घरघर चालू होती आणि मधेच ती बंद पडत होती. क्षणभर नुसतं वारं, मग धप्प करून पुन्हा घरघर. घरघर थांबते तेवढा वेळ चाक रस्त्यावर नसतं. स्प्रिंग दबत नव्हतं, म्हणून खळग्यात चाक खाली उतरायच्या आत गाडीच पुढं निघून जात होती.

"अनुप, जरा..." ते म्हणाले. वाऱ्यात ते अनुपला ऐकू गेलं नाही.

शेळगाव फाट्याला डाव्या बाजूनं उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रस्त्यावर आला. अनुपनं ब्रेक मारला, आणि नेमका ठिगळांवर मारला. घरघर गेली. गाडी थांबेना, वळेना, नुसती सरळ घसरत निघाली. उसाची वाढी, ते हिरवे शेंडे, समोर मोठे मोठे होत गेले. गंगारामांनी डोळे मिटले. टायरनं कसाबसा रस्ता धरला तेव्हा ट्रॉलीतून लोंबणारं पाचट टपावर खसखसत होतं.

ट्रॅक्टरवाल्यानं वळून पाहिलं. "काय शेठ, रस प्यायचा व्हता व्हय? नुसता मागायचा की, दिला असता!"

अनुप हसला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. गाडी पुन्हा सुरू करत तो म्हणाला, "पण कडक हाय ना, काका?"

सगळी शिकवलेली वर्षं गोळा करून गंगारामांनी एकच शब्द काढला, "कडक हाय."

अनुपनं स्टेअरिंगवर थाप मारली. त्याला कळलं, असं गंगारामांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण वेळेवर बोललो म्हणून त्यांना हलकंसुद्धा वाटलं.

इंदापुरात परवेजनं तो सेट काढून जुनी स्प्रिंगं चढवली. तोवर गंगाराम बाकावर थंड पाणी पीत बसले. "जय भीम काका, रविवारी मुंबईला जातो सेट आणायला," असं म्हणून अनुप पुण्याकडे निघून गेला. काका बारामतीच्या एसटीनं वरकुट्याला परतणार होते.

परवेज हात पुसत आला. "तात्या, तुमी आमचं कोडंच सोडवलं. अनुप म्हणला, काकांनी एका शब्दात पास केला. शर्यतीचाच सेट घेणार. आता मी बी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगणार, साळवे तात्यांनी कडक म्हटलंय!"

गंगारामांच्या हातातला पेला थांबला. "मी पास केला?"

"तुमीच म्हणला न्हवं का, कडक हाय?"

"अरे, कडक म्हणजे ताठर! दबत न्हाय ते! चाक उचलतंय गाडीचं!"

परवेजला हसू फुटलं, पण त्यांचा चेहरा बघून ते विरलं. "तात्या, आता कडक म्हणजे झकास. पिच्चर कडक, शर्ट कडक. तुमी ताठर म्हणायचं ना मग!"

"थांबव त्याला."

"हायवेला लागला की तो. खोलीवर फोन न्हाय. कारखान्यात लावला तर गेटवाला निरोप घेतो. आणि निरोप काय देऊ? काका म्हणत्यात लई कडक हाय?" परवेजनं मान हलवली. "पोस्ट गाठा. टपाल संध्याकाळच्या गाडीनं जातं, रविवारच्या आत पोचंल. चला, सोडतो."

स्कूटरवर मागं बसलेल्या गंगारामांना डोळ्यांसमोर घाट दिसत होता. खाली दरी, ओठ मिटून बसलेली तेजश्री, आणि घरघर बंद पडलेली.

पोस्टात त्यांनी आंतरदेशीय पत्र घेतलं. दोरीला बांधलेलं पेन उचललं.

'चि. अनुप, फाट्यावर मी कडक म्हटलं ते ताठर या अर्थानं. चांगलं या अर्थानं नव्हे. ठिगळांवर टायरचा आवाज बंद पडत होता, तेवढा वेळ चाक हवेत होतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही. शर्यतीच्या मैदानात तो सेट उत्तम असेल, परंतु'

पेन थांबलं. पलीकडे शिपाई थैलीचं तोंड आवळत होता. "आजोबा, टाकायचंय का? बांधतोय मी."

"थांबा, थांबा," गंगाराम म्हणाले. आपलाच आवाज त्यांना मोठा वाटला. त्यांनी 'परंतु' खोडला आणि पुढे लिहिलं, 'आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. दुसरा सेट घे. गाडीची उंची कमी करू नकोस. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांच्या जोडीचेच बसव. हे तेजश्रीला वाचून दाखव.'

माझं चुकत असेल तर क्षमा, असं लिहायला जागा शिल्लक होती. ती त्यांनी कोरी ठेवली, रोज वाचून पाठ झालेला पत्ता वर लिहिला, पत्राच्या कडा जिभेनं ओल्या करून चिकटवल्या आणि अंगठ्यानं दाबल्या. शिपायानं थैली उघडी धरली. पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं आत टाकलं, आणि दोरीची गाठ बसेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.