रंभाबाईंच्या सुरकुत्या मी छापल्या
"सुरकुत्या पुसल्यास ना पोरी, तर या दुकानात पुन्ना पाय ठेवनार नाय!" रंभाबाई ऋचाला दम देत होत्या.

"आई, तिला कशाला ओरडतेस? पुसायला मीच सांगितलंय," त्यांचा मुलगा परेश म्हणाला. "आणि कागद चकचकीतच घेऊ. ओल्या फडक्यानं पुसता येतो."

"पुसायला मी काय गॅसची शेगडी हाय?"

हसू आलं मला. मी फोटो छापणारी मशीन बोलतेय, पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या ऋचाच्या स्टुडिओतली. कोपऱ्यात बसते म्हणून मला ऐकू येत नाही, असं कोणी समजू नये.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पहिला मालक हरेश, लग्नाचे फोटो काढणारा. मिळेल ती शाई त्याने माझ्या पोटात ओतली. नवरीचा हिरवा शालू निळा यायचा आणि बोल मला लागायचे. पुढे त्याने माझ्याकडून काम घेणंच बंद केलं. शाई सोडणाऱ्या माझ्या डोक्याला केसाहून बारीक छिद्रं आहेत, शाई आत सुकली की बुजतात. आधी बसवून ठेवायचं आणि मग बिघडली म्हणायचं, ही माणसांची जुनी खोड.

भंगारात जाता जाता मला ऋचाने उचललं. तिला हे काम कोणी शिकवलं नव्हतं. छिद्रं मोकळी होईपर्यंत ती माझ्यापाशी बसली. मग तिने मला रंगाच्या बारीक कणांची शाई दिली. ही शाई कागदावर ठाण मांडून बसते, पाण्याच्या थेंबाने पळत नाही आणि उजेडात लवकर विटत नाही. कागद ती बंद डब्यात ठेवते, कारण इथल्या दमट हवेत तो पापडासारखा वळतो आणि माझ्या डोक्याला घासतो. मला जीव लावणारी अशी माणसं आवडतात. बाकीच्यांचं मी ऐकून घेत नाही, सरळ कागद अडकवते.

तर रंभाबाई. ओवे गावच्या. आपला भिंतीवरचा फोटो जिवंतपणीच निवडायला आल्या होत्या. "मी गेल्यावर ही पोरं आधार कार्डावरचा फोटो मोठा करतील. त्यात मी कोंबडी चोरल्यासारकी दिसते."

भीती खोटी नव्हती. त्यांचे यजमान भगवानदादा गेले तेव्हा परेशने घाईत कुठूनतरी असाच फोटो करून आणला होता, गोरा, गुळगुळीत, चकचकीत. पुढे काच फुटली, तरी घरातले दर सणाला ओल्या बोटाने थेट कागदावरच गंध लावत राहिले. कपाळाची शाई निळी होऊन भुवईपर्यंत ओघळली. उरलेला चेहरा खिडकीतल्या उन्हाने नेला.

ऋचाने माझ्याकडून रंभाबाईंच्या चेहऱ्याच्या नमुन्याच्या दोन पट्ट्या छापून घेतल्या. चकचकीत कागदावर काळा रंग गडद आला, पण गालावर दुकानातली ट्यूबलाइट चमकायला लागली. कापसापासून केलेल्या, चमक नसलेल्या कागदावर काळा जरा मवाळ, मात्र कपाळावरची एकेक रेघ जागच्या जागी. ओठाच्या कडेचं खट्याळ हसूसुद्धा.

"पण मावशी, शाई पळाली नाही तरी या कागदाला ओलं बोट लागलं तर डाग पडणार," ऋचाने आधीच सांगून टाकलं. "मधे फट ठेवून वर काच बसवावी लागेल."

"बसव. गंध काचेला लावतील."

"लोक म्हणतील, पोरानं आईला म्हातारी करून टांगली," परेश कुरकुरला. "सगळ्यांच्या घरी कसे छान फोटो असतात!"

"म्हातारी हायच मी! तुज्या लोकांना कोन इचारतंय?"

आता तोच फोटो माझ्यासमोर सपाट पडून सुकतोय. सगळ्या सुरकुत्यांसकट. असं काम झालं की माझं पोट भरतं. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला रोज थोडं तरी छापू द्या, शाई बरी द्या, आणि माणूस जसा आहे तसा द्या. बाकी मला काही नको.

परेश कसा राजी झाला म्हणता? रंभाबाईंनी त्याचा हात धरून ती कापसाची पट्टी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "भिंतीवरच्या त्या चकचकाटात तुज्या बापसाला मी रोज शोधते रं, तुज्यावर मला अशी शोधायची पाळी येऊ नये."