रेडा, बगळा आणि चुडामण पहिलवान

रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर पोरं बसत, त्यांच्यामागे बाया, आणि पार शेवटी भिंतीला टेकून, आपण सहज डोकावलो असा चेहरा करून, गावातली मोठी माणसं. बातम्या पाहायला आलो, असं ती म्हणत. बातम्या मात्र कार्टून संपल्यावर लागत, आणि तेव्हा भिंत रिकामी असे.

कार्टून होतं रेड्याचं आणि बगळ्याचं. रेडा शहरात चहाची टपरी चालवी, बगळा त्याच्या पाठीवर बसून गिऱ्हाइकांना टोचून बोले, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. हे सगळं हिंदीत चाले. बोरी नदीकाठच्या त्या गावात हिंदी बेताचीच होती, पण अडचण येत नसे, कारण भिंतीला झुलाल पाटील असे.

झुलालला प्रत्येक भाग आधीच कळे. "आते गैरसमज व्हई," तो म्हणे, आणि गैरसमज होई. "आते तिसरा कोणी काडी लाई." डुक्कर येऊन काडी लावून जाई. "आते रेडा तोंड फुगाडी बसी. शेवटले गयाभेट." गळाभेट होई, आणि मिठी सुटायच्या आत रेडा बगळ्याच्या पाठीत एक धपाटा घालून उगाच खाकरे. गड्यांनी मिठी मारली की धपाटा घालायचाच असतो, नाहीतर लोक काय म्हणतील, हे रेड्यालाही ठाऊक होतं. यावर सगळ्यात मोठ्याने हसे तो झुलालच्या शेजारी बसलेला चुडामण.

चुडामण म्हणजे झुलालचा लहानपणापासूनचा दोस्त. तरुणपणी अमळनेरच्या यात्रेत कुस्त्या मारलेला गडी. आता पोट सुटलं होतं, पण मान तशीच होती. वावराला वावर लागून, विहिरीवर पाळी धरून, दोघांची उमर एका बांधावर गेली. तो कमी बोले. झुलाल दोघांच्या वाटचं बोले.

एका रविवारी गोष्ट वेगळी निघाली. बगळ्याला दूरगावी जायचं होतं आणि रेड्याला सांगायचं धाडस त्याला होईना. रात्री त्याने गुपचूप गाठोडं बांधलं, झोपलेल्या रेड्याच्या अंगावर पांघरूण सारखं केलं, आणि स्टेशनची वाट धरली. उडता येत असताना गाडी कशाला, असं भिंतीला टेकलेल्या कोणालाही विचारावंसं वाटलं नाही. झुलाल भाकीत करायला शेजारी वळला, तर चुडामणच्या गालावरून पाणी मिशीत उतरत होतं. त्याला ते पुसायचंही भान नव्हतं.

झुलालच्या जिभेला हाड नव्हतं, ते तिथे दिसलं.

"देखा रे देखा! पहिलवान रडना!"

पोरं वळली, बाया वळल्या, भिंत खदाखदा हसली. चुडामण उठला, धोतर झटकलं आणि झुलालकडे न पाहता निघून गेला. संध्याकाळपर्यंत पानटपरीवर त्याचं नाव बगळा पडलं होतं. एवढ्या आडमाप माणसाला बगळा म्हणण्यात लोकांना फारच मजा येत होती.

झुलालला वाटलं, उद्या विहिरीवर बोलेल. कार्टूनमध्ये अबोला फार तर जाहिरात येईपर्यंत टिकतो. पण चुडामण पाण्याची पाळी संपली की इंजिन बंद करी आणि पलीकडच्या वाटेने घरी जाई. पुढच्या रविवारी भिंतीला झुलालशेजारची जागा मोकळी राहिली, आणि झुलालने एकही भाकीत केलं नाही. त्या दिवशीच्या भागात काय झालं ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

त्याला चुडामणची फार आठवण येत होती. बांधापलीकडे दिसणाऱ्या माणसाची आठवण येते हे कोणाला सांगायचं? बायकोला, बेबाबाईला, सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जा आणि माफी माग. पण ते फार सरळ होतं. झुलालला तमाशा हवा होता. रेड्याने एकदा आजारपणाचं सोंग केलं होतं आणि बगळा धावत आला होता, ते त्याच्या मनात घर करून बसलं. झालं, झुलालने अंथरूण धरलं. गावाला निरोप गेला, झुलालभाऊच्या छातीत कळ येते.

"लाज धरा जरा," बेबाबाई म्हणाली, पण तिने गोधडी आणून दिली.

झुलाल दाराकडे तोंड करून कण्हत पडला. चुलते आले, भाईदास न्हावी आला, ज्यांना कधी बोलावलं नव्हतं तेही आले. दिवस कलला तेव्हा चपला वाजल्या. झुलालने डोळे घट्ट मिटले.

आली होती ती चुडामणची बायको मंजुळाबाई, हातात सुंठीच्या काढ्याचा तांब्या घेऊन. तिने एकदा झुलालकडे पाहिलं, एकदा बेबाबाईकडे, आणि काढा खाली ठेवला.

"भाऊ, उठा. सोंग मालेबी समजस. त्यासले भेटनं व्हई तं भेटी ल्या. आम्ही सुरतले चालनूत."

झुलाल उठून बसला. "कशाले?"

"पोऱ्यानी, मोतीलालनी बलायेल शे. सूनबाई कामले जास, नातरंले कोणी नही. वावर वाटाले दी टाकं." तिने पदराने ओठ पुसले. "दोन महिनापाइन तुम्हले सांगानं व्हतं त्यासले. रोज निंघेत आनि बांधपाइन परत येत. म्हणेत, झुलालले कसं सांगू?"

झुलालच्या छातीत आता खरीच कळ आली. बगळ्याने गाठोडं बांधलं तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. दरवेळी पुढचं सांगणाऱ्या माणसाला शेजारचं दिसलं नव्हतं, आणि दिसलं तेव्हा तो हसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने भरताची वांगी तोडली, बडगी खांद्यावर घेतली आणि बांध ओलांडून चुडामणच्या वावरात गेला. बडगी म्हणजे भरीत कुटायची लाकडी कुंडी. दर हिवाळ्यात वावरात भरताची पार्टी होई. झुलाल वांगी भाजी आणि चुडामण कुटे, कारण त्याच्यासारखं कुटणं गावात कोणाला जमत नसे. घरी चुलीपुढे न फिरकणारे बाप्ये वावरात भरीत मात्र स्वतः करत, आणि बायकांच्या भरतापेक्षा आपलं चांगलं, असं घरी जाऊन सांगतही.

चुडामण खाटेवर बसला होता. उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही.

झुलालने कपाशीच्या काड्या पेटवल्या. वांगी भाजली, सोलली. मग तव्यावर तेल टाकून हिरव्या मिरच्या सोडल्या, आणि खकाणा असा उठला की दोघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. झुलालला ते बरं वाटलं. मिरचीच्या नावावर माणसाला कितीही रडता येतं.

चुडामण खाटेवरून उतरला, बडगीपुढे बसला आणि मिरच्या कुटू लागला. बऱ्याच वेळाने, हात न थांबवता, त्याने विचारलं, "मंग... बगळा गया का?"

चुडामण कार्टून अर्ध्यात सोडून उठून गेला होता. इतक्या दिवसांत त्याला शेवट कोणाला विचारता आला नव्हता. विचारला असता तर गाव पुन्हा हसलं असतं.

"नही गया," झुलाल म्हणाला. "गाडी निंघी गयी. रेडा टेसनवर रडत बठेल व्हता. देखस तं समोरना फलाटवर बगळा उभा."

चुडामण हसला, आणि शेवटी आपलं सांगून टाकलं. "मनं तिकीट निंघेल शे."

"माहीत शे."

झुलाल माफी मागायला आला होता. एवढा बोलका माणूस, त्या दिवशी त्याला फक्त भाकरी मोडून पुढे करता आली. चुडामणने ती घेतली.

अमळनेरच्या स्टेशनवर सुरतेची पॅसेंजर उशिरा आली. पोचवायला गावातली बरीच माणसं होती, त्यांत भिंतीला टेकून बसणारे झाडून सगळे. ट्रंका चढल्या, मंजुळाबाई चढली. चुडामणने झुलालला मिठी मारली, आणि मिठी सुटायच्या आत सवयीने त्याचा हात धपाट्यासाठी उचलला गेला. झुलालने सोडलंच नाही. हात थोडा वेळ तसाच वर राहिला, मग हळूच पाठीवर टेकला.

चुडामण खिडकीशी जाऊन बसला. झुलाल खाली गज धरून उभा, आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना. पानटपरीवाल्या उखर्डूने ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशी सोयीची वाट काढून दिली.

"काय झुलालभाऊ, कचरा गया का डोयामा?"

हो म्हणायचं, उपरण्याने डोळे चोळायचे, संपलं. झुलालने खिडकीकडे पाहिलं. चुडामण ऐकत होता.

"नही रे," झुलाल मोठ्याने म्हणाला, त्या रविवारी भिंतीपासून ओरडला होता तितक्याच मोठ्याने. "मना दोस्त चालना. मी रडी ऱ्हायनू."

कोणी हसलं नाही. उखर्डू खाली पाहू लागला. खिडकीत चुडामणने गजांतून हात काढून झुलालच्या डोक्यावर ठेवला, नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि गाडी हलेपर्यंत काढला नाही. त्याच्या मिशीतही पाणी उतरलं होतं आणि तो ते पुसत नव्हता.

गाडी निघून गेली. मंडळी घराकडे वळली. झुलाल मात्र शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत थांबला, आणि मग, आपल्याला सगळं माहीत असूनही, त्याने मान वर करून समोरच्या फलाटावर पाहिलं.

तिथे कोणी नव्हतं. झुलाल तरी थोडा वेळ पाहत राहिला.