चारशे वीर आणि एक खेचर

तिमझरी गावाला वेढा पडला तेव्हा एकच जीव गेला, आणि तो खेचराचा होता. काइदाच्या, म्हणजे त्या मुलखाच्या सुभेदाराच्या फौजेतलं ते खेचर. तोफ ओढून दमलेलं. वाटेत कुणाच्या तरी वाफ्यातला कोवळा लसूणघास त्याने ओला-ओलाच चापला आणि पोट फुगून आडवं झालं. म्हाताऱ्या बास्सूची आजी इट्टो तेव्हा सोळा वर्षांची होती. खेचराच्या डाव्या कानावर पांढरा ठिपका होता, एवढंसुद्धा ती सांगायची.

बाकी वेढाही त्या खेचराला शोभेल असाच होता. चाळीस माणसं आणि एक तोफ. तोफ ओढ्यात रुतली ती नेमकी पाटाच्या तोंडाशी, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी तिमझरीची. मग गावाच्या धान्यकोठारात दडलेले गावकरी दार उघडून बाहेर आले, शत्रूच्या खांद्याला खांदा लावून तोफ बाहेर काढली, पाणी सोडलं, आत गेले आणि दार पुन्हा लावून घेतलं. तोफ एकदाच उडाली. गोळा पडला गोलंदाजाच्या सख्ख्या मेव्हण्याच्या सलगमाच्या शेतात, आणि मेव्हणा काय बोलला ते आजीने नातवाला कधी सांगितलं नाही. नवव्या दिवशी वेढा घालणाऱ्यांना आठवलं की घरी आपलं जव पिकलंय. तेवढ्यात इट्टो निळ्या कागदातली साखरेची शंकूसारखी ढेप डोक्यावर घेऊन बाहेर निघाली. तिकडे भांडण मिटवायचं तर साखरेची ढेप न्यावी लागते. समोरच्यांनी तर पहिल्या दिवशीच खोगिराच्या थैलीत ढेप आणून ठेवली होती. चहा झाला. सगळे घरी गेले.

आता यावर कुणी पिक्चर काढेल का? काढला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी परदेशातून माणसं आली आणि त्यांनी ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात एक प्रचंड दगडी वेस उभी केली. दगडी म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर प्लास्टर आणि वर दगडाचा रंग. त्या खोऱ्यात दगडाची वेस कुणाच्या बापजन्मी झाली नव्हती. घर असो नाहीतर कोठार, सगळं फळ्यांमध्ये ओली माती धुम्मसाने ठोकून बांधलेलं. त्या वेशीखाली पिक्चरमध्ये चारशे माणसं मेली. गावात माणसं होती साठ, त्यामुळे प्रत्येकाला सहा-सात वेळा मरावं लागलं. बास्सू गावचा गवंडी, अंगाने दणकट, तो नऊ वेळा मेला. एकदा दाढीसकट, एकदा दाढीशिवाय आणि एकदा बाईचं लुगडं नेसून. त्याची बायको फादमा त्याच्या प्रेतावर अशी रडली की परदेशी माणसांनी तिला पुन्हा रडायला लावलं. हे ती अजून ऐकवायची.

पिक्चरवाले गेले, वेस राहिली. मागे भिंत नाही, पुढे रस्ता नाही, नुसती वेस. पण पाहुणे तिच्यासाठीच येऊ लागले. बास्सूचा भाचा ज़ाइद त्यांना फिरवायचा आणि आवाज खाली आणून सांगायचा की इथे चारशे वीर पडले. बास्सूने त्याला एकदा चारचौघांत विचारलं होतं की यातलं एक थडगं दाखव. ज़ाइदने शांतपणे उत्तर दिलं, "मामा, एक तर तुम्हीच बसलाय ना समोर."

आणि इकडे कोठाराचं छप्पर ढासळत चाललं होतं. चाळीस खोल्या, घरटी एक, प्रत्येकीला लाकडी कुलूप. इट्टोच्या खोलीत भिंतीला तो निळा कागद अजून खिळलेला. पश्चिमेकडच्या तुळया उघड्या पडल्या होत्या, आणि मातीच्या भिंतीवरचं छप्पर गेलं की एका जोराच्या पावसात भिंत चहातल्या साखरेसारखी बसते. पावसाला सहा आठवडे उरले होते. बास्सू अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, धुम्मस अजून उचलायचा, पण खजुराच्या तुळया आणि दहा गडी एकट्याच्या आवाक्यात नव्हते.

अशात राजधानीहून बाई आल्या. सरकार खोऱ्यातली एकच जुनी वास्तू दुरुस्त करणार होतं आणि कोणती, ते ठरवायला लल्ला नझहा, म्हणजे नझहाबाई, वही घेऊन आल्या होत्या. गावाने अर्ज केला होता वेशीचा. बास्सूने ऐकलं तेव्हा त्याची पगडी सुटली आणि ती परत बांधायचंही त्याला सुचलं नाही.

बाई सभ्य होत्या. झाडाखाली चटईवर बसल्या, चहा घेतला, आणि दादांना काय म्हणायचंय ते सांगू द्या म्हणाल्या. बास्सूने सगळं सांगितलं. पाटाची पाळी, सलगम, साखर, खेचर. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"दादा, मेलं कोणी?"

"खेचर."

"माणूस?"

"माणसाला मरायला वेळ कुठे होता? जव कापायचं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. या खोऱ्यात अशी बावीस कोठारं आहेत, त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, वरच्या साहेबांना सांगायला इथे काहीतरी घडलेलं हवं. बास्सूने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मोठ्याने, जणू बाईंना कमी ऐकू येत होतं. मग गावकरी साक्षीला उठले. दात नसलेला मोहा म्हणाला की तो स्वतः वेशीवरून खाली पडून मेला होता, तेव्हापासून कंबर धरते. दुसऱ्याने पोटावरची बाण लागल्याची जागा दाखवली. तिसरा म्हणाला की त्याचा मोठा भाऊ तिथेच गेला. हे खरंच होतं, तो भाऊ दुपारच्या जेवणाला उठला होता आणि पुढे पंधरा वर्षं जगला. बाई भराभर लिहीत होत्या.

बास्सू उठला. काठी टेकत ओढ्याकडे निघाला. मागून बाई, मागून गाव. वेशीपाशी जाऊन त्याने काठी दोन्ही हातांत धरली आणि त्या दगडी खांबात खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली. आतून प्लास्टरचा ढिगारा, चिमण्यांची दोन घरटी आणि पस्तीस वर्षांपूर्वीचं एक वर्तमानपत्र बाहेर आलं.

"बघा," बास्सू धापा टाकत म्हणाला, "हा तुमचा इतिहास. आत चिमण्या आहेत."

बाईंनी भोकात डोकावून पाहिलं, मान हलवली आणि वहीत लिहिलं. ज़ाइदने खांद्यावरून वाचून सगळ्यांना सांगितलं: अवस्था अत्यंत नाजूक, तातडीने दुरुस्ती आवश्यक.

बास्सू तिथेच वेशीच्या सावलीत बसला. बाई त्याच्या शेजारी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, खोटी आहे ते मला गाडीतून उतरतानाच दिसलं. पण या वेशीवर चाळीस घरं जेवतात. तुमच्या खेचरावर किती जेवतील?"

बास्सूने काठीवरचं प्लास्टर झटकलं.

फादमा चहाचा ग्लास घेऊन आली. नवऱ्याकडे पाहिलं, वेशीकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तिने विचारलं, "अहो, तुम्ही शेवटचं मेलात, तेव्हा तोंड कुठे होतं तुमचं?"

"आता हे काय मध्येच?"

"सांगा तर."

बास्सू चिडून म्हणाला की इथेच, याच खांबाशी पडलो होतो, तोंड वर गावाकडे, चार तास उन्हात, नाकावर माशी, हलायची सोय नाही, आणि चार तास समोर नुसतं कोठाराचं... तो थांबला. पगडी सारखी केली. बाईंकडे वळला तेव्हा त्याचा आवाज एकदम गोड झाला होता. फादमाने हा आवाज लग्नाच्या बोलणीनंतर ऐकला नव्हता.

"लल्ला, शेवटी कॅमेरा माझ्या प्रेतावरून जातो, बरोबर वेशीतून, आणि थेट कोठारावर जाऊन थांबतो. छपरासकट. मला माहीत आहे, मी तिथे मेलेलो होतो. आता छप्पर पडलं तर पाहुणे वेशीत उभे राहून फोटो काढतील आणि मागे काय येईल? मातीचा ढीग. म्हणतील, हे ते गाव नव्हेच."

ज़ाइदने फोनवर पिक्चरचा शेवट लावला. प्रेत होतं, वेस होती, आणि मोजून चार सेकंद कोठार होतं, छपरासकट. बाईंनी आधी त्या चौकटीकडे आणि मग समोरच्या उघड्या तुळयांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्या सरकारी होत्या.

"म्हणजे कोठार ही वेशीची मागची बाजू."

बास्सूच्या घशाशी काय काय आलं असेल ते आलं. पाचशे वर्षांचं कोठार, चाळीस कुलुपं, इट्टोचा निळा कागद, आणि ही त्या प्लास्टरची मागची बाजू. त्याने ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

"लिहा," तो म्हणाला. "आणि मागची बाजू आधी करा. पावसाला सहा आठवडे आहेत. वेस काय, ती पोकळ आहे, भिजली तरी उभी राहील."

बाईंनी लिहिलं. मग विचारलं की दादांची आणखी काही सूचना आहे का, वेशीपाशी एक पाटी लावायची आहे.

बास्सूने सूचना केली. बाईंनी ती ऐकली, पेनाचं टोपण दाताखाली धरलं, आणि तीही लिहून घेतली.

छप्पर पावसाच्या आदल्या दिवशी पुरं झालं. खजुराच्या तुळया, वर बोरूच्या काड्या, वर ठोकलेली माती. दहा गड्यांना बास्सूने असं काही राबवलं की दोघे पळून गेले आणि चांगलं जेवण तिथेच मिळतं म्हणून परत आले. पाऊस तीन दिवस पडला. चौथ्या दिवशी बास्सू इट्टोच्या खोलीत गेला, भिंतीवर तळहात ठेवून पाहिला. कोरडी होती.

खाली ज़ाइद पाहुण्यांना पाटी वाचून दाखवत होता. गावकऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे या वेढ्यात चारशे वीर आणि एक खेचर मरण पावलं. पाहुण्यांतल्या एका बाईने विचारलं की खेचराचं नाव का आहे, ते काय विशेष होतं का. ज़ाइदने ती गोष्ट कधी नीट ऐकलीच नव्हती. त्याने वर पाहिलं आणि हाक मारली, "मामा, या खेचराचं काय ते सांगायला या जरा."

बास्सूने खोलीला कुलूप लावलं आणि काठी न घेताच उतरायला लागला. "थांबव त्यांना," तो वरूनच म्हणाला. "वेळ लागेल. आधी पाटाच्या पाळीपासून सांगावं लागेल."